मोठा तलाव उतरतो तेव्हा

पळस झडून गेला, मोहाची फुले वेचून संपली आणि आंब्याला कैऱ्या धरल्या, की भोपाळच्या वर्तमानपत्रांतील एका लहानशा आकड्याकडे लोकांचे लक्ष जाऊ लागते. हा आकडा मोठ्या तलावाच्या पातळीचा. तलाव काठोकाठ भरला म्हणजे पातळी १६६६.८० फूट असते. इथल्या शाळकरी पोरालाही हा आकडा पाठ असतो, कारण पावसाळ्यात पाणी तेथवर पोहोचले की भदभद्याची दारे उघडतात आणि निम्मे शहर ती पाहावयास लोटते. उन्हाळ्यात आकडा खाली खाली येऊ लागतो. १६५२ फुटांशी मृतसाठा लागतो. म्हणजे भरलेला तलाव आणि रिता तलाव यांत अंतर काय ते पंधरा फुटांचे, आणि शहराच्या मोठ्या भागाचे पिण्याचे पाणी या पंधरा फुटांवर चालावयाचे!

गृहिणी हा आकडा वाचते ती नळाच्या काळजीने. महापालिकेचा इंजिनिअर वाचतो तो हिशेबाने. पण या शहरात एक तिसरा वर्ग आहे. तो संख्येने थोडा, पण चिकाटीने भारी. पातळी फूटभर उतरल्याचे वाचले की त्याच्या डोळ्यांत चमक येते, आणि माळ्यावर टाकलेली काठी, रीळ व गळांची डबी खाली उतरते. हे गळ टाकणारे शौकीन. भोपाळात मासा ‘धरीत’ नाहीत, त्याची ‘शिकार’ करतात. नबाबी गेली तरी हा शब्द राहिला, आणि शब्दाबरोबर थोडा रुबाबही राहिला. दोन रुपयांच्या कणकेवर पाच तास बसून रिकाम्या हाताने परतणारा माणूससुद्धा ‘शिकारीवरून आलो’ असेच सांगतो.

तलावाची घडण ध्यानात घेतल्यावाचून ही शिकार समजावयाची नाही. कोलांस नदीला मातीचा बांध घालून हे पाणी अडविले. ते राजा भोजाने अडविले अशी परंपरा आहे, म्हणजे काळ अकराव्या शतकाच्या पूर्वार्धाचा. तो बांध आज कमला पार्काच्या बागेखाली झाकून गेला आहे. त्यावरून मोटारी धावतात आणि आपण धरणावरून चाललो आहोत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पुढे १९६० च्या दशकात आग्नेयेच्या कोपऱ्यात भदभद्यास अकरा दारांचे धरण झाले आणि तलाव आणखी फुगला. भरलेला असता त्याचा पसारा सुमारे ३१ चौरस किलोमीटर भरतो. पण खोली पाहावी तर अगदी खोल जागीही बारा मीटर नाही, आणि सरासरी सहा मीटरच्या आसपास. म्हणजे हा तलाव परातीसारखा आहे, विहिरीसारखा नाही. परातीतले पाणी बोटभर कमी झाले तरी कडेचा केवढा तरी भाग उघडा पडतो. तसेच येथे होते. शहराच्या बाजूस, बांधाजवळ, पाणी खोल राहते. पश्चिमेकडे जेथे कोलांस येऊन मिळते तेथे मात्र पाण्याची कड दर आठवड्यास मागे सरकताना दिसते. मागे राहिलेल्या ओल्या गाळावर हिरवेगार गवत येते, त्यावर गुरे सुटतात, आणि काही ठिकाणी नांगरही फिरतो. या तलावापुढे देशातली बाकीची तळी म्हणजे नुसती डबकी, अशा अर्थाची म्हण येथे मोठ्या अभिमानाने सांगतात. वैशाखात पश्चिमेच्या काठी उभे राहून ती म्हण म्हणावयास जरा धैर्यच लागते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कुटुंबे बिऱ्हाडे बांधून इकडे आली. तात्या टोपे नगराच्या नव्या वसाहतींत ती उतरली. नागपूरकराला तलाव काही नवा नव्हता. अंबाझरी आणि फुटाळा त्याच्या सवयीचे. पण हा एवढा थोरला जलाशय पाहून त्याची पहिली काही वर्षे नुसती पाहण्यात गेली. गळ टाकण्याची विद्या तो नंतर शिकला, आणि ती त्याला शिकविली ती जुन्या शहरातल्या मुसलमान शेजाऱ्यांनी आणि काठच्या मांझी-रायकवारांनी. त्यामुळे इथला मराठी शिकारी आजही माशांची नावे हिंदीत घेतो, शिव्या भोपाळीत देतो आणि हिशेब मात्र मराठीत करतो.

आता उन्हाळ्याच्या तोंडाचीच ही धडपड का, ते सांगतो. हिवाळ्यात पाणी गार असते. रोहू, कटला, मृगळ ही आपली मोठी मासळी उष्ण पाण्याची. थंडीत ती तळाशी सुस्त पडून राहते आणि खाण्यावरची तिची वासना उडते. होळी होऊन गेली, पाणी कोमट झाले, की तिची भूक एकदम खवळते. त्यातच पाणी उतरू लागते. उथळावरचे शेवाळ व पाणगवत उन्हाने करपते, तेथील आसरा जातो, आणि मासा नदीच्या जुन्या पात्राकडे, खडकांच्या कडेला, खोल पाण्याकडे सरकतो. भरलेल्या तलावात ३१ चौरस किलोमीटरांत जो विखुरलेला असतो, तोच आता थोड्या जागेत दाटी करतो. भूक आणि दाटी दोन्ही एकाच वेळी! शिकाऱ्याला आणखी काय हवे?

जाणता शिकारी या दिवसांत आणखी एक काम करतो. पाण्याखालचा जो भाग उघडा पडतो त्यावरून तो निवांत हिंडतो. कोठे दगडांची रांग आहे, कोठे जुना बुंधा आहे, कोठे ओहोळाची घळ आहे, हे सारे पाहून ठेवतो. आषाढात हे सर्व दहा फूट पाण्याखाली जाते, आणि मग काठावरचे नवशिके ‘चचांचा हात चांगला’ म्हणून आश्चर्य करीत बसतात. हात चांगला असतोच. पण पायही फिरलेले असतात.

तरी उन्हाळ्याचा हा मोसम एकसारखा चांगला नसतो. चैत्रातले दिवस वेगळे, वैशाखातले वेगळे. ऊन जसजसे चढते तसतसा पाण्यातला प्राणवायू घटतो, कारण गरम पाण्यात वायू कमी विरघळतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. उलट माशाची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते. म्हणजे उत्पन्न घटावे आणि खर्च वाढावा, अशी त्याची अवस्था होते. भोपाळचा मे महिना चाळीस अंशांखाली क्वचितच राहतो, आणि १९ मे २०१६ रोजी तर येथे ४६.७ अंशांची नोंद झाली. अशा दुपारी पाण्याच्या वरच्या थरात एकही शहाणा मासा थांबत नाही, आणि काठावर एकही शहाणा माणूस.

मग पहाटे बसावे, असे कोणीही म्हणेल. येथेच गंमत आहे. हिरवट झालेल्या पाण्यात सूक्ष्म शेवाळ कोट्यवधींनी असते. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडते आणि रात्री आपणच तो घेते. त्यामुळे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो सूर्य उगवण्याच्या ऐन वेळी. अंधारात येऊन बसलेल्या उत्साही माणसाचे मोरपीस तासन्‌तास हलत नाही, आणि सूर्य दोन हात वर आल्यावर, वाऱ्याने पाण्यावर पहिल्या सुरकुत्या उमटल्यावर, मासा तोंड लावू लागतो. जुन्या लोकांना शेवाळाचे हे शास्त्र ठाऊक नव्हते. वेळ मात्र अचूक ठाऊक होती. ते फजरची नमाज पढून, चहा घेऊन, सावकाश येत.

वाऱ्याचे तर विचारूच नका. या दिवसांत पश्चिमेचा आणि वायव्येचा कोरडा वारा सुटतो. तलावाच्या लांबीवरून तो धावत येतो आणि वरचे पाणी शहराच्या काठाकडे ढकलीत आणतो. त्या पाण्याबरोबर डोळ्यांना जेमतेम दिसणारे जलजीवही वाहत येतात. कटल्याचे मुख्य खाद्य हेच. म्हणून वारा दोन दिवस एका दिशेने टिकला की कटला वाऱ्याच्या तोंडाशी, म्हणजे शहराच्या बाजूस, वर येतो. आणि वारा फिरला की रातोरात नाहीसा होतो. एकदा एका म्हाताऱ्या शिकाऱ्याला मी सहज विचारले, “काय चचा, काही लागले का?” त्याने पाण्यावरची नजर न काढता उत्तर दिले, “अभी कां, भाऊसाहब! हवा उल्टी चल री हे.” मला वारा असल्याचेही जाणवत नव्हते. त्याने विडीच्या धुराकडे बोट दाखविले. धूर खरोखरच पाण्याकडे चालला होता.

साहित्याच्या बाबतीत भोपाळी शिकारी दोन पक्षांत विभागलेला आहे. एक पक्ष बांबूच्या काठीचा, दुसरा रिळाचा. काठीवाल्यांचा दोर आखूड, मोरपिसाची दांडी पाण्यावर उभी, खाली शिशाचा मणी आणि गळ. सगळे लक्ष त्या पांढऱ्या दांडीवर. दांडी थरथरली म्हणजे लहान मासा कुरतडतो आहे; एकदम आडवी झाली म्हणजे आमिष खालून वर उचलले गेले; आणि सरळ बुडाली म्हणजे काही विचारू नये, झटका द्यावा. रीळवाले दूर फेकतात, दोराला घुंगरू अडकवितात आणि गप्पा मारीत बसतात. पहिला पक्ष दुसऱ्याला आळशी समजतो, दुसरा पहिल्याला वेडा. मला विचाराल तर शिकण्याजोगे काठीजवळ अधिक आहे.

आमिषाची कृती मात्र प्रत्येकाची गुप्त. भाजलेल्या चण्याचे सत्तू, तिळाची पेंड, शिळा भात, कणीक, त्यात बडीशेप की वेलची की आणखी काही, हे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. गुप्ततेचा हा सारा बाणा पाहून हसू येते. कारण ही कृती नऊशे वर्षांपूर्वीच छापून आल्यासारखी जगजाहीर झालेली आहे! कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या म्हणतात, अशी नोंद त्यात असल्यामुळे मराठीचे अभ्यासक त्याला ओळखतात. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. ते गळाने मासे धरण्यावरच आहे. मासे समुद्राचे कोणते व नदीचे कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणाला काय खाऊ घालावे, हे सर्व त्यात येते. आणि खाऊ म्हणून तीळ, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ व शिजविलेला भात यांचे गोळे सांगितले आहेत. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा परिचय आधुनिक अभ्यासकांना करून दिला. योगायोग असा की, या सोमेश्वराच्या आजोबाने, पहिल्या सोमेश्वराने, भोजाच्या धारा नगरीवर स्वारी करून ती लुटली होती. आजोबाने भोजाचे नगर लुटले. नातवाने गळ टाकण्याचे पुस्तक लिहिले. आणि भोजाच्या तलावावर आज नातवाचीच कृती चालते.

आता माशांविषयी. या तलावात सुमारे ४३ जातींच्या माशांची नोंद आहे. त्या सगळ्यांची हजेरी घेत बसत नाही. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. कोणासाठी गळ किती खोल सोडावयाचा ते यावरूनच ठरते. कटला डोक्याने मोठा आणि स्वभावाने भित्रा. रोहू लागला की सरळ शेवाळाकडे धाव घेतो आणि दोर गुंतवून ठेवतो. पढीन हा रात्रीचा दरोडेखोर. त्याच्या जबड्याचा आकार पाहिला म्हणजे पोहणाऱ्या पोरांना आया दम का देतात ते कळते. वाम दगडांच्या फटींत राहते आणि गळ गिळून तेथेच ठाण मांडते.

मरळीची गोष्ट निराळी. ती वरची हवाही घेऊ शकते, म्हणून इतर मासे जेथे गुदमरतात त्या उथळ, तापलेल्या, गाळाच्या पाण्यातही ती मजेत असते. फुलमरळीची वीण उन्हाळ्यातच सुरू होते. मग पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस पिलांचा एक झुबका सरकताना दिसतो आणि त्याच्या खाली आईबाप पहारा करीत असतात. त्या झुबक्यावरून गळ ओढला की पहारेकरी त्वेषाने झडप घालतात आणि अडकतात. त्यांना तेव्हा भूक नसते, राग असतो. ही शिकार सोपी आहे, आणि ती करणाऱ्याने तिची फुशारकी मारू नये. आईबाप गेल्यावर तासाभरात पाणकावळे आणि लहान मासे मिळून त्या झुबक्याचा फडशा पाडतात.

जुन्या शिकाऱ्यांच्या तोंडी महसीरचेही नाव येते. आमच्याकडे सह्याद्रीच्या नद्यांत त्याला खवल्या म्हणतात, नर्मदेकाठी बाडस. वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्याचा हा राजा. इंग्रज साहेबांनी त्याच्यावर ग्रंथ लिहिले. हेन्री सलिव्हन टॉमस यांचे भारतातील गळाच्या शिकारीवरील पुस्तक १८७३ चे. २०११ साली मध्य प्रदेशाने महसीरला राज्याचा मासा म्हणून मान दिला. मान देण्याची वेळ बहुधा मानकरी दुर्मीळ झाल्यावरच येते. असो.

या मोसमात एक सकाळ अशी येते की तिची भीती बाळगावी. वैशाखात कधी संध्याकाळी अवकाळी वावटळ येते, विजा होतात, चार थेंब पडतात, रात्रभर आभाळ झाकोळलेले राहते आणि वारा अगदी पडतो. आदल्या दिवशी ढगांमुळे शेवाळाने प्राणवायू कमी केला. रात्री तो खर्च झाला. वादळाने तळाचा कुजका थर ढवळून वर आणला, त्याने उरलासुरला ओढून घेतला. अशा पहाटे काठाशी मासे पाण्याबाहेर तोंड काढून हवा ओढताना दिसतात. पोरे टोपल्या घेऊन धावतात. ‘आज मासा वेडा झालाय’ म्हणतात. तो वेडा झालेला नसतो, त्याचा श्वास कोंडलेला असतो. धाकट्या तलावावर हे अधिक वेळा घडते. १७९४ साली छोटे खान या दिवाणाने तो बांधविला. तो मोठ्याच्या मानाने अगदीच लहान आणि भोवती दाट वस्ती. सांडपाणी आले की शेवाळ माजते, आणि शेवाळ माजले की अशा पहाटा वाढतात. या सगळ्याचा आरंभ मोरीपाशी आहे. दोष मात्र लोक उन्हाळ्याला देतात.

मासा घरी आणल्यानंतरचे प्रकरण मराठी घरांत अधिक नाजूक असते. कोकणातून किंवा गोव्यातून आलेली सासूबाई घरात असेल तर ती तलावाचा मासा हुंगून बाजूला ठेवते आणि म्हणते, “चिखलाचा वास येतो.” नागपूरकडच्या सुनेला हे लागते. खरे सांगायचे तर सासूबाईंचे नाक खोटे बोलत नाही. पाण्यातले निळे-हिरवे शेवाळ जिओस्मिन नावाचे एक द्रव्य तयार करते; पहिल्या पावसानंतर मातीला जो सुगंध येतो त्याचेही कारण तेच. मातीत जे सुवासिक वाटते ते माशात मुरले की नकोसे होते, आणि शेवाळ माजण्याचा काळ उन्हाळ्याचाच. सुनेजवळ मात्र यावर उपाय असतो. मासा कापून, हळद-मीठ लावून, लिंबाच्या रसात किंवा चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवावयाचा. आंबटपणाने ते द्रव्य मोडते आणि वास जातो. सासूबाई कोकणात माशाला कोकम लावतात ते चवीसाठी. येथे चिंच लावावयाची ती नाकासाठी. मग लसूण, खसखस, सुके खोबरे आणि वऱ्हाडी तिखट. अशी मरळीची वाटी पुढे आली की समुद्रकाठचा अहंकार पुष्कळसा विरघळतो, असा अनुभव आहे.

आतापर्यंत शौकिनांविषयी लिहिले. पण तलावावर ज्यांची चूल चालते ते निराळे. अंधारात डोंगी घेऊन ते निघतात, संध्याकाळी लावलेली फासजाळी उचलतात, आणि शौकीन मंडळी चहा घेत असतात तेव्हा त्यांचा माल बाजारात पोहोचलेला असतो. उन्हाळा म्हणजे त्यांचा भरभराटीचाही काळ आणि ओढीचाही. पाणी कमी, मासा दाटलेला, जाळे भरून येते. पण पुढे दोन महिन्यांची बंदी समोर दिसत असते. मध्य प्रदेश नदीय मत्स्योद्योग नियम १९७२ चे आहेत. त्यांप्रमाणे १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्या व जलाशयांतील मासेमारी बंद असते. नदीशी संबंध नसलेली लहानसहान तळी तेवढी सुटतात. हा काळ विणीचा. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. अंडी पोटात पिकतात, आणि मादी वाट पाहते ती नव्या वाहत्या पाण्याची. कोलांसला पहिला लोंढा आला, कडेची कुरणे बुडाली, की मासा प्रवाहाच्या उलट चढू लागतो. लोंढा आलाच नाही, तर ती अंडी तिच्या पोटातच जिरून जातात.

माशाच्या या हट्टावर माणसाने तोड काढली, तीही फार जुनी नव्हे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून साचलेल्या पाण्यात या जातींची वीण घडवून आणली. देशातल्या मत्स्यबीज केंद्रांचा पाया तो. आज जलाशयांत सोडण्यात येणारी बोटुकली याच विद्येची. त्यामुळे पुष्कळांना वाटते की, बीज विकत मिळते तर बंदी कशाला? बीज तीन-चार जातींचे मिळते. पढीन, वाम, फुलमरळ, शिंगाडा या जातींना कोणी विकत आणून सोडीत नाही. त्यांना आपली संतती आपणच वाढवावी लागते.

आणि बंदी १६ जूनला लागते हे खरे; पण अंडी पोटात भरतात ती त्याच्या आधी. मेच्या अखेरीस धरलेली रोहूची मादी चिरून पाहा. वजनाच्या किलोमागे लाखाहून अधिक अंडी असतात. जाळेवाल्याला हे आपल्यापेक्षा चांगले कळते. त्याला तो मासा सोडून द्या असे सांगणे सोपे, पण दोन महिन्यांचे भाडे आणि पोरांच्या शाळेचा खर्च त्याला त्याच महिन्यात उभा करावयाचा असतो. शौकिनाला असली अडचण नाही. त्याचा मासा म्हणजे रविवारची करमणूक. माझ्या मते गळवाल्यांनी बुद्ध पौर्णिमेनंतर काठी गुंडाळावी, किंवा लागलेली जड मादी ओल्या हाताने गळ काढून परत सोडावी. काही जुने शिकारी तसे करतातही. त्यांना कोणी नियम वाचून दाखविलेला नाही. मुंबईकडे पवईच्या तलावावर गळ टाकणाऱ्यांची संघटना आहे, तेथे काठावरील राखणीपासून सर्व गोष्टींची चर्चा होते. आमच्या तलावाला तसल्या एखाद्या मेळ्याची गरज आहे.

तलावाची स्वतःची दुखणी या सगळ्याहून थोर. २००८ चा पाऊस कमी झाला आणि २००९ च्या उन्हाळ्यात मोठा तलाव इतका आटला की कडेचा केवढा तरी भाग भेगाळून गेला. हजारो नागरिक फावडी-टोपल्या घेऊन गाळ उपसावयास गेले. त्या वर्षी राहिलेल्या पाण्यात मासा अक्षरशः दाटला होता. पण ती शिकार कोणाला गोड लागली असेल असे वाटत नाही. ऑगस्ट २००२ पासून दोन्ही तलाव मिळून ‘भोज पाणथळ’ म्हणून रामसर यादीत आहेत, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने येथील मोटारबोटींना मनाई केली. इंजिनांचा आवाज थांबला तर मासा काठाजवळ येईल, असे चचांच्या मंडळाचे मत पडले. दुसऱ्या एकाने मत दिले की, मासा आवाजाने नव्हे, साबणाने पळाला. कपडे धुणारे, मूर्ती विसर्जन करणारे, नाल्याचे तोंड सोडणारे, सगळ्यांचा त्याने एका दमात उद्धार केला. आणि एवढे बोलून होईतो त्याचे आमिष माशाने खाऊन टाकले होते.

जूनच्या पंधरा तारखेस संध्याकाळी खानूगावाकडच्या काठाने गेलात तर डोंग्या वर ओढून पालथ्या घातलेल्या दिसतील. जाळी दोरीवर वाळत असतात. त्यांतील शेवाळ बायका बोटांनी वेचून काढतात, आणि पुरुष सुई-दोरा घेऊन फाटलेली घरे विणीत बसतात. पश्चिमेकडे ढग जमलेले असतात. कोलांसच्या कोरड्या पात्रात अजून पाणी नसते. जाळी विणणाऱ्यांपैकी कोणीतरी अधूनमधून मान वर करून तिकडे पाहतो, आणि पुन्हा खाली घालतो.